सोनोरन हॉट डॉग

सोनोरन हॉट डॉग हा मेक्सिकोच्या वायव्येकडच्या सोनोरा राज्यातला रस्त्यावरचा खाऊ. सॉसेजला बेकनची, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची पातळ पट्टी गुंडाळायची, तव्यावर सावकाश भाजायचं, मऊ गोडसर पावाच्या पोटात बसवायचं आणि वर शिजवलेला पिंटो (ठिपक्यांचा) राजमा, कांदा, टोमॅटो, मेयोनेज, मस्टर्ड, हिरव्या मिरचीचा साल्सा, म्हणजे तिकडची चटणी. सोबत एक भाजलेली पिवळी मिरची वेगळी देतात, चावून खायला. तिकडची माणसं याला नुसतं दोगो म्हणतात आणि गाडीवाल्याला दोगेरो. मूळ गाव म्हणून राजधानी एर्मोसियोचं नाव घेतलं जातं, आणि तिथल्या विद्यापीठाच्या आसपास लागणाऱ्या गाड्या अजूनही याच्यासाठीच ओळखल्या जातात.

सीमेपलीकडे अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात टूसॉन शहरात पण हा इतका रुजलाय की बाहेरच्या लोकांना तो टूसॉनचाच वाटतो. त्यात नवल काही नाही, कारण टूसॉन हे मुळात सोनोराचाच भाग होतं, 1853 मध्ये गॅड्सडेन खरेदीचा करार झाला आणि तो 1854 मध्ये लागू झाल्यावर ती जमीन अमेरिकेकडे गेली, सीमा सरकली पण नातेवाईक, येणंजाणं आणि जेवण तेच राहिलं. टूसॉनमध्ये डॅनिएल कॉन्त्रेरास यांनी 1993 मध्ये एका छोट्या गाडीवर एल ग्वेरो कानेलो सुरू केलं, पुढे त्याचं रेस्टॉरंट झालं आणि 2018 मध्ये त्यांना अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या नावाजलेल्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा अमेरिकाज क्लासिक्स पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार त्या त्या भागातल्या लाडक्या, साध्या खाण्याच्या जागांसाठी असतो, आणि एका हॉट डॉगवाल्याला तो मिळणं ही मला फार योग्य गोष्ट वाटते. त्याआधी 2015 मध्ये युनेस्कोने टूसॉनला खाद्यसंस्कृतीचं शहर ठरवलं होतं, अमेरिकेतलं असं पहिलंच.

पाव आणि गहू

फोटो बघितला की डोळा बेकनवर जातो, पण दोगोचं खरं काम पाव करतो. हा पाव नेहमीच्या हॉट डॉग बनसारखा एका बाजूने पूर्ण उघडा नसतो, वरून चीर दिलेली असते आणि दोन्ही टोकं बंद, म्हणजे आत खिसा तयार होतो आणि राजमा, साल्सा, मेयो एवढं सगळं ओलं सामान घालूनही हातात फुटत नाही. दिसायला मेक्सिकन बोलियो पावासारखा, पण त्यापेक्षा मऊ, साल कडक नाही, चवीला किंचित गोड. बेकनचा खारटपणा आणि मिरचीचा झणका त्या गोडव्यामुळेच जमतो.

आणि असा पाव सोनोरात व्हावा हे साहजिकच आहे. मेक्सिको म्हटलं की आपल्याला मका आठवतो पण सोनोरा हे गव्हाचं राज्य, देशात सगळ्यात जास्त गहू तिथेच पिकतो. सतराव्या शतकाच्या शेवटी एउसेबियो किनो या जेझुइट मिशनऱ्याने त्या भागात गव्हाची लागवड आणि गुरं वाढवली, आणि तेव्हापासून तिथल्या रोजच्या जेवणात गव्हाच्या टॉर्टिया, म्हणजे पोळ्या असतात, काही तर आपल्या खानदेशातल्या मांड्यांसारख्या हातभर रुंद आणि अगदी पातळ. पुढे विसाव्या शतकात कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी याच राज्यातल्या याकी खोऱ्यात बुटक्या गव्हाच्या जाती तयार केल्या. त्यातली एक सोनोरा 64. भारताने 1966 मध्ये मेक्सिकोतून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं त्यात ही जात होती, आणि तिच्या लालसर दाण्याला आपल्या लोकांना आवडणारा पिवळसर रंग यावा म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गॅमा किरणांचा मारा करून शरबती सोनोरा ही जात काढली. म्हणजे सोनोराचं नाव आपल्या शेतकऱ्यांपर्यंत या हॉट डॉगच्या कितीतरी आधी पोचलेलं आहे.

लॉस एंजेलिसची गाडी

कॅलिफोर्नियात याचाच भाऊबंद मिळतो पण थाट वेगळा. लॉस एंजेलिसमध्ये सामना किंवा कॉन्सर्ट सुटला की स्टेडियमच्या बाहेर गाड्या लागतात, मोठ्या पत्र्याच्या ट्रेवर बेकनवाले सॉसेज आणि त्याच चरबीत परतलेला कांदा आणि सिमला मिरची, आणि वर मेयो, केचप, मस्टर्ड. राजमा नाही, पावही साधा. तिथे याला डेंजर डॉग असंही नाव पडलंय. बरीच वर्षं हे विकणं कायद्यात बसत नव्हतं, साध्या हॉट डॉग गाडीवर सॉसेज उकडायची किंवा वाफवायची परवानगी, कच्चं बेकन तव्यावर भाजायची नाही, त्यामुळे गाड्या जप्त व्हायच्या, दंड व्हायचे, आणि त्यात भरडली जायची ती बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतली माणसं. 2018 च्या एसबी 946 कायद्याने कॅलिफोर्नियात फूटपाथवर विकणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि 2022 च्या एसबी 972 ने खाद्यपदार्थांच्या गाड्यांना आरोग्य परवाना मिळवणं सोपं केलं. हे फार उशिरा झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करताना

सॉसेज फ्रँकफर्टर पद्धतीचं घ्या, म्हणजे आधीच शिजवलेलं आणि धुरी दिलेलं, आणि फार जाड नको. पाकिटावर वाचून घ्या, आपल्याकडे फ्रोझनमध्ये कच्चे सॉसेजही मिळतात आणि ते आधी उकडून आतपर्यंत शिजवावे लागतात. गोव्याचं चोरिस इथे चालणार नाही, ते व्हिनेगर आणि मसाल्याचं, त्याची चव सगळ्यांवर बसते. बेकन स्ट्रीकी हवं, डुकराच्या पोटाकडचं, चरबी आणि मांसाच्या लांब रेघा असलेलं, आणि पातळ कापलेलं. जाड बेकन घेतलं तर वरून करपतं आणि आतल्या वेढ्यात पांढरं चिवट राहतं, घरी बिघडतं ते बहुतेक इथेच.

सॉसेज कागदाने कोरडं पुसा, बेकनची पट्टी हाताने हलकेच ताणा म्हणजे ती लांब आणि पातळ होते, मग एका टोकापासून तिरकी गुंडाळत जा, एक वेढा दुसऱ्यावर थोडासाच चढला पाहिजे, जास्त चढला की तिथली चरबी सुटत नाही. शेवटचं टोक खाली येईल असं तव्यावर ठेवा, तेल अजिबात नको. तवा गार असतानाच ठेवलं आणि आच मध्यमपेक्षा कमी ठेवली तर चरबी हळूहळू वितळते, टोक आपोआप चिकटतं, टूथपिक लागत नाही. चिमट्याने थोडं थोडं फिरवत राहा, साधारण 12 ते 15 मिनिटं लागतात, सगळीकडून तांबूस कुरकुरीत व्हायला हवं. चरबी फार साठली तर गॅस बंद करून वाटीत काढा, सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो, आणि चुकून पेटली तर पाणी मारू नका, झाकण घाला. एकदम जास्त लोकांसाठी करायचे असतील तर ओव्हन 200 अंशांवर, जाळीवर ठेवून 20 ते 25 मिनिटं, पण तव्याची चव वेगळीच.

राजमा आदल्या रात्री भिजवा. पिंटो मिळाला नाही तर चित्रा राजमा घ्या, किंवा साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि वनस्पतीच्या हिशोबाने तो पिंटोचीच जात, आणि माझ्या मते तो इथे फारच छान लागतो. कांदा आणि लसूण घालून कुकरला मऊ शिजवा, मीठ बेताचं, बेकन आधीच खारट असतं. मग थोडा दाणा ठेचून रस्सा आळवा, पातळ राहिला तर पावाचा लगदा होतो. उरलेल्या चमचाभर चरबीत निम्मा कांदा परता आणि निम्मा कच्चाच बारीक चिरून ठेवा, सोनोरात दोन्ही घालतात आणि दोन्हींचं काम वेगळं. मेयोनेज थोडं दूध आणि लिंबू घालून धार पडेल इतकं सैल करा. साल्सासाठी हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, लिंबू, मीठ एकत्र वाटा, हालापेनो ही मेक्सिकन मिरचीच हवी असा हट्ट नको, आपली मिरची तिच्यापेक्षा तिखट म्हणून कमी घ्या. सोबतच्या पिवळ्या मिरचीऐवजी भावनगरी मिरची अख्खी त्याच तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा.

पाव बेकरीतून लांबट मऊ आणि न कापलेला मागून आणा, घरी वरून चीर द्या, टोकं सोडून. भाजू नका, झाकण ठेवून वाफेवर गरम करा. मग सॉसेज, त्यावर राजमा, दोन्ही कांदे, टोमॅटो, मेयोची आडवीतिडवी धार, मस्टर्ड, साल्सा, आणि लगेच खायला द्या.

डुकराचं मांस चालत नसेल तर चिकन सॉसेजला टर्की बेकन गुंडाळतात, त्यात चरबी अगदी कमी म्हणून तव्यावर थोडं तेल लागतं आणि कुरकुरीतपणा तेवढा येत नाही. शाकाहारी घरात बेकनचा भाग सोडून द्यावा हे बरं, पाव, राजमा, भाजलेली मिरची आणि परतलेलं मशरूम एवढ्यावरही पोट भरतं, फक्त धुरकट चवीसाठी राजम्यात थोडी स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड घाला.