ट्यूब उन्हाने फुटत नाही

मे महिन्यातली दुपार. पुतण्या सायकल ढकलत घरी आला. "काका, उन्हानं फुटली बघा ट्यूब." क्लासबाहेर दोन तास उन्हात उभी होती, निघताना बघतो तर मागचं चाक बसलेलं.

सोलापुरात हे कारण कुणालाही पटतं. पारा 42-43 वर, पायाखालचं डांबर मऊ झालेलं. हवा तापली, फुगली, ट्यूब गेली. माझे आजोबा 'जुनी मिल' या इथल्या कापड गिरणीत पाळीला सायकलनेच जायचे, तेही उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी भरायचे. पण एकदा हिशोब करून बघा.

सकाळी 27 अंशांना 45 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा भरली. पंपाचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. बाहेरच्या हवेचा सुमारे 14 धरला, तर आतला खरा दाब 59. उन्हात टायर 60 अंशांपर्यंत तापला असं समजू. बंद जागेतल्या हवेचा दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या (सेल्सिअस अधिक 273) प्रमाणात वाढतो, म्हणजे 300 वरून 333, जेमतेम 11 टक्के. 59 चे साडेपासष्ट झाले. काट्यावर 45 चे साडेएक्कावन्न. एवढ्याने धडधाकट टायर-ट्यूब फुटत नाही. उलट हवा कमी असली, की खड्ड्यात ट्यूब रीम आणि टायरच्या मध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मग पुतण्याची ट्यूब का गेली? काढून घमेल्यातल्या पाण्यात धरली. बुडबुडे जुन्या पॅचच्या कडेतून येत होते. पॅच सुटला होता, आणि त्याला ऊन जबाबदार होतं, पण वेगळ्या वाटेने.

1830 च्या दशकात अमेरिकेत रबराचे बूट-कपडे निघाले तेव्हा ते उन्हाळ्यात चिकट होऊन लोळागोळा व्हायचे. कच्च्या रबरात लांबच लांब रेणू नुसते एकमेकांत गुंतलेले असतात. उष्णता मिळाली की ते घसरू लागतात. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं, की गंधक मिसळून तापवलं तर रेणूंना रेणू कायमचे बांधले जातात. ट्यूब अशी बांधलेली असते. पण पंक्चर काढताना घाईने लावलेलं सोल्युशन म्हणजे कच्च्या रबराचा पातळ थर. मे महिन्यात तो मऊ पडतो, आतली हवा रेटा देते आणि कड उचलली जाते. तयार पॅचच्या खालच्या थरात न बांधलेलं रबर असतं आणि योग्य सोल्युशनबरोबर ते न तापवताच हळूहळू बांधलं जातं. म्हणून मी जुन्या ट्यूबच्या तुकड्याऐवजी तोच वापरतो.

कसाही पॅच घ्या, तीन गोष्टींत घाई नको. भोकाभोवतीची चकाकी पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा. पावडर आणि ट्यूब साच्यातून काढताना राहिलेला बुळबुळीत थर तसाच राहिला तर पॅच ट्यूबला न चिकटता त्या थरालाच चिकटतो. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर, पण पातळ लावा. आणि ते वाळू द्या. बहुतेक पंक्चरं इथेच बिघडतात. द्रावक उडून जायला पाच मिनिटं तरी लागतात, थराची चमक गेली की तयार. ओल्यावर पॅच ठेवला तर द्रावक खाली कोंडतो आणि जोड कच्चा राहतो. मग अंगठ्याने मधून कडेकडे जोरात दाबत जा.

त्या पाच मिनिटांत चेन मोजून घ्यावी. एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच, म्हणजे 24 घरं बरोबर 12 इंच भरली पाहिजेत. पट्टीवर 12 च्या पुढे एक अष्टमांश इंच गेली, तर चेन बदलायची. लोखंड ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि तिचं भोक जरा जरा झिजलेलं असतं. आपल्याकडच्या धुळीत तेलाने निथळणारी चेन लवकर झिजते, कारण तेल आणि बारीक वाळू मिळून घासायची पेस्टच तयार होते. तेल घालून बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाका. तेल पिनच्या आत हवं.

ट्यूब परत घालण्याआधी टायर आतून तपासायचा. बोट फिरवलं तर काटा बोटातच जातो, आणि वेड्या बाभळीचा काटा फार ठणकतो. मी फाटका सोलापुरी टॉवेल आतून फिरवतो. त्याचे सुती फासे सूक्ष्म टोकालाही अडकतात. भोक रीमच्या बाजूला असेल तर काटा शोधू नका. तिथे चाकाच्या एखाद्या तारेचं (स्पोकचं) टोक वर आलेलं असतं आणि रीमची पट्टी सरकलेली असते.

पुतण्याच्या टायरात टॉवेल दोनदा अडकला. एक काटा जुन्या पॅचच्या समोर होता. पंक्चर काढलं होतं, काटा काढायचाच राहिला होता. दुसरा पलीकडे, अजून आतपर्यंत पोचलेला नव्हता. दोन्ही चिमट्याने त्याच्याकडूनच ओढून घेतले, हवा पूर्ण 45 भरली, आणि पोरगं संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारून आलं.