काजार राजघराणे : ब्रिटिश वृत्तपत्रांतील चित्रण

इराणच्या काजार घराण्यातील शहा व शहाजादे यांच्याविषयी ब्रिटिश दैनिकांत आणि सचित्र साप्ताहिकांत आलेल्या बातम्या, चित्रे व व्यंगचित्रे. घराण्याचा आरंभ संदर्भग्रंथांत १७८५ पासून १७९६ पर्यंत वेगवेगळा दिला जातो. आगा मुहंमद खानाचा राज्याभिषेक १७९६ चा असल्याने तेच वर्ष धरणे सोयीचे. शेवट मात्र निश्चित आहे (१९२५). १९३५ पूर्वीच्या ब्रिटिश मजकुरात देशाचे नाव जवळजवळ सर्वत्र ‘पर्शिया’ असेच येते.

या चित्रणाचा प्रारंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. १८०९ च्या अखेरीस लंडनला आलेला वकील मिर्झा अबुल हसन खान याच्यापासून काही अभ्यासक सुरुवात करतात. त्याच्या पोशाखावर आणि मेजवान्यांवर वृत्तपत्रांनी भरपूर लिहिले हे खरे. पण तो राजकुलातील नव्हता. रक्ताच्या नात्याचे शहाजादे लंडनमध्ये प्रथम अवतरले ते १८३६ साली, आणि तोच आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. फत्तेह अली शहाच्या मृत्यूनंतर (१८३४) त्याचा मुलगा, फार्स प्रांताचा सुभेदार हुसेन अली मिर्झा याने गादीवर हक्क सांगितला व तो हरला. त्याचे तीन मुलगे रिझा कुली मिर्झा, नजफ कुली मिर्झा व तैमूर मिर्झा आश्रयार्थ इंग्लंडला आले. त्यांची सरबराई जेम्स बेली फ्रेझर याच्याकडे होती.

येथे वाचकाने एक नियम ध्यानात ठेवावा. ‘मिर्झा’ हा शब्द नावानंतर लागला, उदा. तैमूर मिर्झा, तर ती व्यक्ती राजवंशातील. नावाच्या आधी आला, उदा. मिर्झा अबुल हसन, तर ती कारकुनी किंवा सुशिक्षित वर्गातील. वृत्तपत्रांचे बातमीदार हा भेद पाळतातच असे नाही, म्हणून ‘पर्शियन प्रिन्स’ हे शब्द दिसले की वंशावळ तपासणे आवश्यक ठरते. आर्मेनियन कुळातला मुत्सद्दी मलकम खान ‘प्रिन्स’ म्हणून छापला जातो. तो मान त्याला मिळालेला होता, जन्मसिद्ध नव्हता.

वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये आणि कागदावरील जकात १८६१ मध्ये उठल्यावर स्वस्त दैनिके वाढली. १८७० मध्ये सीमेन्स कंपनीची लंडन-तेहरान-भारत तारायंत्र वाहिनी सुरू झाली. त्याआधी तेहरानची बातमी इस्तंबूल, सेंट पीटर्झबर्ग किंवा मुंबई मार्गे आठवडे लावून पोचे, आणि तीच घटना तीन तारखांनी तीनदा छापली जाई. अशा बातमीखालची तारीख पत्र कोठून निघाले त्या गावची असते, घटनेची नव्हे.

नासिरुद्दीन शहाची (राज्यकाल १८४८–१८९६) १८७३ ची भेट हा या विषयाचा गाभा. १८ जून रोजी तो डोव्हरला उतरला, बकिंगहॅम राजवाड्यात राहिला, २० जूनला विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीने त्याला गार्टर हा किताब दिला, २३ जूनला स्पिटहेड या पोर्टस्मथजवळच्या समुद्रात आरमाराचे संचलन झाले, आणि ५ जुलैला तो फ्रान्सकडे निघाला. त्याच्यासोबतच्या स्त्रिया मॉस्कोहूनच परत पाठवल्या होत्या. तरी जनानखान्याविषयीचे तर्क थांबले नाहीत. हिऱ्यांच्या किमतीचे आकडेही असेच छापले गेले; ते मोजदादीवर नव्हे, नजरेच्या अंदाजावर बेतलेले होते आणि पुरावा म्हणून निरुपयोगी आहेत. याच देशासाठी दोनच वर्षांपूर्वी दुष्काळ निवारण निधी मागितला गेला होता.

या उत्साहामागे व्यापारी हिशेब होता. २५ जुलै १८७२ च्या करारान्वये बॅरन ज्यूलियस द रॉयटर याला ७० वर्षांसाठी लोहमार्ग, सोने-चांदी-रत्ने वगळून खाणी आणि कालवे यांचा, तसेच २५ वर्षांसाठी जकातीचा मक्ता मिळाला होता. अनामत ४०,००० पौंड, आणि १५ महिन्यांत लोहमार्गाचे काम सुरू करण्याची अट. तेवढ्या मुदतीत काम समाधानकारक सुरू झाले नाही, हे कारण देऊन शहाने नोव्हेंबर १८७३ मध्ये करार रद्द केला. मक्तेदार हाच रॉयटर या बातम्यांच्या तारसंस्थेचा संस्थापक असल्याने त्या काळातील इराणविषयक तारा जपून वाचाव्या लागतात. पौर्वात्यांची टिंगल एवढाच या साऱ्या मजकुराचा अर्थ लावणारे विवेचन रशियाशी चाललेली चढाओढ आणि भागभांडवल यांना पुरेसे वजन देत नाही.

चित्रांची कालनिश्चिती हा स्वतंत्र प्रश्न आहे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ (स्थापना १८४२) व ‘ग्राफिक’ (१८६९) शनिवारी निघत. चित्रे बॉक्सवूड या कठीण लाकडावर कोरली जात. या झाडाचे खोड बारीक असल्याने मोठा ठोकळा लहान तुकडे मागून बोल्टने आवळून तयार करीत. पांढरा लेप दिलेल्या पृष्ठावर चित्र उलटे काढायचे, तुकडे सुटे करून निरनिराळ्या कोरकांना वाटायचे, पुन्हा जोडायचे, मग मुख्य कोरकाने सांध्यांवरच्या रेषा जुळवायच्या. छपाई बहुधा विद्युतलेपनाने काढलेल्या धातूच्या प्रतीवरून होई. सांधा सैल राहिला तर चित्रातून सरळ पांढरी रेघ जाते. उलटे काढायला चुकले तर तलवार उजव्या कुशीला आणि पट्टा भलत्या खांद्यावर दिसतो. २० जूनचा शुक्रवारचा प्रसंग दुसऱ्याच दिवशीच्या अंकात येणे अवघड. तो २८ जूनपासून पुढे शोधावा. शहाचा चेहरा पुष्कळदा आधीच्या छायाचित्रावरून आणि भोवतालचा देखावा रेखाटनावरून घेत, त्यामुळे मिशा व टोपी यांवरून वर्ष ठरवू नये. छायाचित्र बारीक ठिपक्यांत मोडून छापण्याची हाफटोन पद्धत रुळल्यावर, म्हणजे साधारण १८९० नंतर, हा घोळ कमी होतो.

भेटीतील किश्श्यांबाबतही सावधगिरी हवी. ड्यूक ऑफ सदरलंडचा थाट पाहून ‘अशा प्रजाजनाचे डोके उडवावे’ असे शहा वेल्सच्या युवराजाला म्हणाला, ही कथा नंतरच्या चरित्रांतून व आठवणींतून फिरते. शहाची स्वतःची रोजनिशी जेम्स रेडहाऊस याच्या इंग्रजी भाषांतरात १८७४ मध्येच उपलब्ध झाली; दिनक्रमासाठी तीच आधाराला घ्यावी. मात्र ती छापण्यासाठीच लिहिलेली असल्याने मौनाचा अर्थ नकार असा होत नाही.

१८७८ च्या युरोप दौऱ्यात शहा इंग्लंडला गेला नाही. १८८९ च्या भेटीत औद्योगिक शहरे व स्कॉटलंड यांचा समावेश होता. पुढच्या वर्षी मेजर टॅलबटला ५० वर्षांचा तंबाखूचा मक्ता मिळाला, वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा या बोलीवर. डिसेंबर १८९१ मधील तंबाखूबंदीच्या फतव्यानंतर तो मक्ता मागे घ्यावा लागला आणि ५ लाख पौंड भरपाई पडली. दरम्यान लंडनहून मलकम खान ‘कानून’ हे फार्सी पत्र काढून शहावर टीका करीत होता. १ मे १८९६ रोजी शहाचा खून झाला.

मुंबईशी दोन धागे जुळतात. एक धागा इस्माइली पंथाचा प्रमुख पहिला आगा खान याचा; तो फत्तेह अली शहाचा जावई. इराण सोडून १८४० च्या दशकात तो सिंध व मुंबईत आला आणि ब्रिटिश पत्रांत ‘पर्शियन प्रिन्स’ म्हणून वावरला. दुसरा धागा पारशांचा: १८७३ मध्ये लंडनच्या पारशी मंडळींनी इराणातील जरथुश्त्री लोकांवरील जिझिया उठवावा म्हणून शहाला निवेदन दिले. तो कर १८८२ मध्ये रद्द झाला.

नासिरुद्दीनचा मुलगा व वारस मुजफ्फरुद्दीन शहा याच्या १९०२ च्या भेटीत सातव्या एडवर्डने ख्रिस्ती नसलेल्यास गार्टर देण्याचे नाकारले. तो किताब १९०३ मध्ये तेहरानला पाठवावा लागला. या तिढ्याचे तपशील मुख्यतः पुढे प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारातून कळतात. घराण्याचा शेवटचा राजा अहमद शहा याची १९१९ ची लंडन भेट त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील आंग्ल-इराणी कराराच्या संदर्भात वाचावी.

अंकीय संग्रहांत शोधताना शहाचे नाव टाकून फारसे हाती लागत नाही. लिप्यंतरे अनेक, त्यात यंत्रवाचनाच्या चुका. ‘द शाह’ हे शब्द, तारखेची मर्यादा आणि राजवाड्याचे किंवा गावाचे नाव एकत्र दिल्यास शोध लवकर लागतो.