साबणातला वास : आम्ही काय तपासतो

‘यात केमिकल नाही ना?’ दुकानात हमखास येणारा प्रश्न. सरळ उत्तर : आहे. वाळा असो की चंदन, वास म्हणजे रसायनंच. लव्हेंडरमधलं लिनॅलूल झाडातून काढलं काय किंवा कारखान्यात बनवलं काय, रेणू एकच. त्वचेला तो कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. आम्ही बघतो ते मात्रा किती, आणि वस्तू धुऊन जाणार की अंगावर राहणार.

सुगंधाचं मिश्रण विकत घेताना त्यासोबत ‘इफ्रा’ प्रमाणपत्र मागतो. इफ्रा ही सुगंध उद्योगाची जागतिक संघटना, स्थापना १९७३. साबणात किती टक्के चालेल, अंगाच्या तेलात किती, मेणबत्तीत किती, हे त्यात वेगवेगळं दिलेलं असतं. मेणबत्तीला चालणारं प्रमाण तेलाला चालेलच असं नाही. संघटना उद्योगाचीच असल्यानं तेवढ्यावर आम्ही थांबत नाही, युरोपचा कायदाही बघतो. लिलीसारख्या वासाचं ‘लिलिअल’ वर्षानुवर्षं साबणात सर्रास पडायचं. प्रजननक्षमतेला घातक असं वर्गीकरण झाल्यावर १ मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आली. आमच्याकडेही ते वापरत नाही.

वेष्टनावरची बारीक नावं कशी ठरतात? समजा मिश्रणात ५ टक्के लिनॅलूल आहे आणि साबणात मिश्रण २ टक्के घातलं, तर वडीत लिनॅलूल ०.१ टक्का झालं. ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांसाठी युरोपची मर्यादा धुऊन जाणाऱ्या वस्तूंत ०.०१ टक्का आणि अंगावर राहणाऱ्यांत ०.००१ टक्का. त्यापुढे गेलं की नाव छापायचं. इथंही आम्ही तोच आकडा धरतो.

लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळवंडू शकते. अंगाच्या तेलात म्हणून आम्ही वाफेवर काढलेलंच घालतो. त्यात ऊन झोंबवणारे घटक येत नाहीत.

मोरीतून जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब असतो. घटक नदीत किती उरेल आणि शेवाळ, पाणपिसू, मासे यांना किती सोसेल, हे दोन आकडे ताडून बघतात. ‘मस्क झायलीन’ हा जुना स्वस्त कस्तुरीगंध पाण्यात मोडतच नव्हता, माशांच्या अंगात साठत होता. युरोपात तो २०१४ पासून बंद आहे.

तेल पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती उन्हात ठेवू नका, कारण लिनॅलूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून जास्त ॲलर्जीकारक होतात. पुरळ आलं तर वापर थांबवा आणि वेष्टन घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तान्ह्या बाळासाठी बिनवासाची वडी मिळते, काउंटरवर मागा.