जमावाला डोकं नसतं? मग हे गणित बघा

आमच्या कोपरीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला, पोलीस गोळीबारानंतर शहरं पेटतात ती म्हणे मंगळ-केतूच्या युतीमुळे. खाली लगेच कोणीतरी लिहिलं, ग्रहबिह काही नाही, जमावाला डोकंच नसतं. पहिल्याला काय उत्तर द्यायचं, मंगळ काही एकाच गल्लीवरून फिरत नाही. पण दुसरं मत चांगली शिकलेली माणसंसुद्धा मानतात, म्हणून हा खटाटोप.

१९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक भन्नाट मॉडेल मांडलं. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो, म्हणजे आधी किती जण उतरले की मी उतरेन तो आकडा. विसर्जन मिरवणुकीत नाही का, एकजण ताशा वाजला की सुरू, दुसरा त्याला बघून, आणि जोशीकाका अख्खी बिल्डिंग नाचायला लागल्यावर. आता समजा नाक्यावर १०० माणसं आहेत, उंबरठे ०, १, २ असे थेट ९९ पर्यंत. शून्यवाला पहिला दगड मारतो, त्याला बघून एकवाला, त्या दोघांना बघून दोनवाला, असं करत शंभरच्या शंभर. आता फक्त एकवाला काढा आणि त्याच्या जागी अजून एक दोनवाला आणा. शून्यवाला दगड मारतो आणि पुढे काहीच नाही, दोनवाले दोघंही दुसऱ्या दगडाची वाट बघत उभे! पेपरात एका ठिकाणी छापून येणार ‘हिंसक जमाव’ आणि दुसरीकडे ‘माथेफिरूला अटक’, पण ९९ माणसं अगदी तीच आहेत हो.

खरे उंबरठे असे ओळीने नसतात, बेल कर्व्हसारखे पसरलेले धरू, म्हणजे बहुतेक मधल्या आकड्याजवळ आणि दोन्ही टोकांना थोडे, सरासरी २५. ग्रॅनोव्हेटरने स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे उंबरठे सरासरीपासून किती पसरलेत ते माप, वाढवत नेलं तर साधारण १२.२ पर्यंत प्रकरण सहाएक माणसांवर थांबतं आणि ते ओलांडलं की समतोल एकदम १०० च्या जवळ उडी मारतो, कारण ‘इतके उतरले तर अजून किती तयार होतील’ ह्याची रेष ‘जितके उतरले तितकेच तयार’ ह्या ४५ अंशाच्या रेषेला जिथे खाली छेदायची, म्हणजे प्रकरण थांबायचं, तो छेदच नाहीसा होतो. सरासरी तीच, निकाल भलताच. म्हणून ‘एआय दंगलीचं भाकीत करणार’ असल्या बातम्या मी फार मनावर घेत नाही.

गोळीबार हे उंबरठे एका झटक्यात खाली आणतो, आणि त्यानंतरचे तास ते अजून खाली आणतात. लंडनच्या टॉटनहॅममध्ये ४ ऑगस्ट २०११ ला मार्क डगन नावाचा तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. आधी पसरलं की त्यानेच गोळी झाडली, नंतर कळलं पोलिसाच्या रेडिओत अडकलेली गोळी पोलिसांचीच होती. ६ तारखेला घरचे आणि शेजारी पोलीस स्टेशनसमोर शांतपणे उत्तर मागत तासन्‌तास उभे होते, समाधान काही झालं नाही, रात्री गाड्या पेटल्या आणि मग लोण दुसऱ्या शहरांत.

सरसकट लाठी चालवली की नुसते बघेसुद्धा ‘आपण विरुद्ध पोलीस’ मधल्या ‘आपण’मध्ये जमा होतात, हे स्टीफन रायकर, क्लिफर्ड स्टॉट ह्या गर्दीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं काम सांगतं. २००४ च्या युरो कपला पोर्तुगालच्या शहरी पोलिसांनी आधी गप्पा, मग गरजेपुरता बळाचा वापर असं ठेवलं आणि त्यांच्या हद्दीत इंग्लिश फॅन्सचा राडा जवळपास झालाच नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यातली भिवंडी घ्या. १९८४ ला दंगल झाली, नंतर डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे वस्तीतल्या लोकांच्या आणि पोलिसांच्या एकत्र समित्या, काढल्या, साध्या हवालदाराला लोकांबरोबर बसवलं, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ग्रॅनोव्हेटरने पण ओळखीच्या माणसाचं वजन अनोळख्याच्या दुप्पट धरून गणित केलं होतं, मला वाटतं कमिट्यांचं गुपित तिथेच आहे. त्याच भिवंडीत २००६ ला पोलीस स्टेशनच्या जागेवरून वाद झाला, गोळीबारात दोघं गेले आणि मग जमावाने दोन पोलिसांना मारलं.

सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, मुंबईतल्या एन्काउंटरच्याच प्रकरणात, पोलिसांच्या गोळीने कोणी गेलं तर काय करायचं त्याचे नियम घालून दिलेत: एफआयआर, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस स्टेशनकडे, मॅजिस्ट्रेट चौकशी, लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही, आणि नातेवाईकांना लवकरात लवकर कळवायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डगनच्या आईवडिलांना पोलिसांनी नीट कळवलंच नव्हतं, त्याबद्दल नंतर माफी मागावी लागली.