परभाषेच्या वर्गातील अस्सल मजकूर : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वर्तमानपत्रातील बातमी, रेल्वेचे वेळापत्रक, रेडिओवरील मुलाखत असा मूळ भाषकांनी स्वतःच्या व्यवहारासाठी निर्माण केलेला मजकूर परभाषेच्या वर्गात वापरणे ही इंटरनेटमुळे आलेली नवी कल्पना आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शाळांत आधुनिक भाषाही लॅटिनप्रमाणेच, म्हणजे नियम पाठ करून आणि त्या नियमांसाठी रचलेल्या सुट्या वाक्यांचे भाषांतर करून, शिकवल्या जात. जर्मनीत विल्हेल्म फिएटोर यांनी १८८२ मध्ये टोपणनावाने पुस्तिका काढून या पद्धतीवर हल्ला चढवला, तर इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट यांनी १८९९ च्या आपल्या ग्रंथात, नियम ठसवण्यासाठी मजकूर बेतला की त्यातील स्वाभाविकता नष्ट होते, असे प्रतिपादन केले. (विल्यम केरी यांच्या १८०५ च्या मराठी व्याकरणालाही नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते, नुसत्या नियमांनी बोलता येत नाही ही जाणीव तेव्हाही होती.)

विसाव्या शतकात मात्र पारडे उलट फिरले. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत वाचनमाला रचल्या. बंगालमधील बहुसंख्य मुले थोड्याच वर्षांत शाळा सोडत असल्याने त्यांना निदान वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो आदरास पात्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घोकंपट्टीच्या पद्धतींनी मात्र बेतीव संवादांनाच भाषा मानले.

१९७० च्या दशकात अमेरिकी भाषाभ्यासक डेल हाइम्स यांची संप्रेषणक्षमतेची (म्हणजे व्याकरणाच्या ज्ञानापलीकडे, प्रसंगानुरूप भाषा वापरता येण्याच्या क्षमतेची) संकल्पना, युरोप परिषदेचे प्रौढांच्या भाषाशिक्षणाविषयीचे काम आणि स्वस्त झालेले टेपरेकॉर्डर यांमुळे अस्सल मजकूर पुन्हा वर्गात आला. फ्रान्समध्ये नॅन्सी येथील क्रापेल या विद्यापीठीय केंद्राने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ हेन्री विडोसन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस मांडलेला भेद. मजकूर मूळ भाषकांचा आहे एवढ्याने तो शिकणाऱ्यासाठी अस्सल ठरत नाही. वाचणारा त्याला कसा प्रतिसाद देतो, यावर ते अवलंबून असते. बातमी वर्गात आणून तिच्यातील क्रियापदे अधोरेखित करायला लावली, तर फिएटोर यांनी ज्यावर टीका केली तेच आपण नव्या कागदावर करतो. उलट, पुण्यात नुकतेच जर्मन शिकू लागलेल्या विद्यार्थ्यालाही खरे वेळापत्रक देऊन म्युनिकची पुढची गाडी कोणत्या फलाटावरून सुटते एवढेच शोधायला सांगता येते; मजकूर जसाच्या तसा राहतो, सोपे केले जाते ते केवळ काम.