दीडशहाणे आणि अडीचशहाणे

फ्रान्समध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलाला "तू दीड की अडीच?" असं विचारलं, तर तो मुळीच गोंधळत नाही. यामागे गणिताचा एक जुना विनोद आहे. १७९४ साली स्थापन झालेल्या एकोल पॉलितेक्निक या संस्थेचं टोपणनाव 'एक्स', म्हणजे आपल्या पुस्तकातला क्ष. तिथे प्रवेश मिळवण्याला फ्रेंचमध्ये 'अँतेग्रे' म्हणतात आणि इंटिग्रेशन या कॅल्क्युलसमधल्या क्रियेलाही हाच शब्द आहे. क्षचं इंटिग्रेशन केलं की क्षच्या वर्गाच्या निम्मं येतं. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाताना मर्यादा १ आणि २ धरायच्या, म्हणजे क्षच्या जागी २ घालून आलेल्या उत्तरातून १ घालून आलेलं वजा करायचं: २ वजा अर्धा, दीड. पहिल्या खेपेला जमलं नाही आणि दुसरं वर्ष पुन्हा केलं, तर मर्यादा २ आणि ३: साडेचार वजा दोन, अडीच. क्वचित कुणी साडेतीनही निघतो! अपूर्णांकांना इतकी सुटसुटीत नावं फ्रेंचमध्ये नाहीत. ते बिचारे 'तीन अर्धे', 'पाच अर्धे' म्हणतात.

ही मुलं ज्या वर्गांत शिकतात त्यांना 'प्रेपा' म्हणतात. बारावीनंतरची ही दोन वर्षं. अभ्यास गणित, भौतिकशास्त्र, भाषा असा सगळा, पण वजन गणिताचं. आपल्याकडच्या कोचिंग क्लासची आठवण येईल, पण मोठा फरक आहे. यातले बहुतेक वर्ग सरकारी शाळांमध्येच भरतात, फी जवळपास नाही, आणि शिकवणारे 'आग्रेगासियों' नावाची अवघड स्पर्धा परीक्षा पार करून आलेले असतात. बारावीला वीसपैकी अठरा मिळवणाऱ्याला इथे पहिल्याच पेपरात पाच मिळतात आणि त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

या वर्गांचा खरा आत्मा मात्र लेखी पेपरात नाही, 'कोल'मध्ये आहे. कोल म्हणजे तोंडी परीक्षा. गणिताची जवळजवळ दर आठवड्याला होते. तीन विद्यार्थी, एक परीक्षक, एक तास. फळ्याचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकाने आपापल्या भागात खडू घेऊन उभं राहायचं.

समजा प्रश्न असा आहे: ० ते १ मधली प्रत्येक संख्या ० ते १ मध्येच कुठेतरी पाठवणारं एक सलग फलन (फंक्शन) आहे. निदान एक संख्या जागची हलत नाही, हे दाखवा. मुलगी चौकोन काढते, कर्ण काढते, डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत एक वळणदार रेघ ओढते. रेघ कर्णाला कुठेतरी छेदणारच. परीक्षक म्हणतो, "चित्र छान आहे. सिद्धता?" मग ती फलनातून क्ष वजा करते. डावीकडे उत्तर शून्य किंवा धन, उजवीकडे शून्य किंवा ऋण. सलग रेघ धनातून ऋणात जाताना शून्य ओलांडल्याशिवाय राहत नाही. झालं. तिने खडू खाली ठेवायच्या आत पुढचा प्रश्न येतो: "आता सलगपणा काढून टाकू. फलन मध्येच उडी मारू शकतं, फक्त कधी उतरत नाही. आता?"

इथे चित्र कामाला येत नाही. तिला थांबावं लागतं, आणि परीक्षकाला हे थांबणंच बघायचं असतं. ती मोठ्याने विचार करते: ज्या संख्या आपल्या जागी राहतात किंवा पुढे सरकतात, त्या सगळ्या एकत्र घेतल्या तर? शून्य त्यांत आहेच. त्यांची वरची सीमा कोणती? ती सीमा स्वतः कुठे जाते? मागे ती सरकू शकत नाही, कारण खालच्या सगळ्या तिला वर ढकलतात. पुढे सरकली, तर जिथे पोचली ती संख्याही त्याच गटातली ठरते, मग ही सीमा कसली? म्हणजे ती जागचीच. परीक्षकाने मध्ये दोनदा "का?" विचारलेलं असतं आणि एकदा नुसती भुवई उंचावलेली असते. गुण उत्तराला असतात, तसेच अडल्यावर काय केलं यालाही. फळ्यासमोर बोलावणं ही शिक्षा मानणाऱ्या शाळेतून आलेल्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटतो.

या चाळणीतून निसटलेला सर्वांत प्रसिद्ध मुलगा म्हणजे गणिती एव्हारिस्त गाल्वा. पॅरिसच्या लुई-ल-ग्राँ शाळेत रिशार नावाच्या शिक्षकांनी त्याची कुवत ओळखली होती. तरी पॉलितेक्निकच्या परीक्षेत तो १८२८ आणि १८२९ असा दोनदा नापास झाला. दुसऱ्या खेपेच्या थोडं आधी वडिलांनी आत्महत्या केली होती. त्याने परीक्षकाला डस्टर फेकून मारलं ही दंतकथाच समजा, पण तोंडी परीक्षा म्हणजे दोन माणसांची गाठ, आणि ती फसू शकते. १८३२ मध्ये विसाव्या वर्षी तो द्वंद्वयुद्धात गेला. त्याचे शाळेतले कागद रिशारांनी जपून ठेवले आणि पुढे आपल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, नंतर मोठा गणिती झालेल्या एर्मीतला, दिले. हा एर्मीतही पॉलितेक्निकच्या यादीत अडुसष्टावा होता!

प्रेपातल्या गणितवेड्यांचं दुसरं स्वप्न म्हणजे पॅरिसच्या उल्म रस्त्यावरची एकोल नॉर्माल सुपेरियर ही संस्था. १९५० मधल्या लोराँ श्वार्त्झपासून २०२२ मधल्या ह्युगो द्युमिनिल-कोपँपर्यंत, फील्ड्स पदक, म्हणजे गणितातलं नोबेलच म्हणा, मिळवणारे बहुतेक फ्रेंच गणिती इथलेच. ग्रोतेंडीक हा मोठा अपवाद. इथे १९२३ मध्ये एका वरच्या वर्गातल्या मुलाने नकली व्याख्यान देऊन 'बुर्बाकीचं प्रमेय' नावाची थाप मारली. इथलाच आंद्रे वेल पुढे तरुणपणी अलीगढला प्राध्यापक झाला. त्याच्या चिथावणीवरून, मूळचे गोव्याचे आपले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९३१ मध्ये 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'वर गंभीर चेहऱ्याने एक टिपण छापलं. बुर्बाकी हे नाव विज्ञानाच्या नियतकालिकात उमटलं ते असं, आणि पहिलं प्रमेयच नव्हतं, तर दुसरं कुठून येणार! काही वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी हेच नाव घेऊन अख्खं गणित पायापासून नव्याने लिहायला काढलं.

त्या लाटेचं पाणी १९६९ पासून शाळांत शिरलं. पोरं बेरजेआधी संच शिकू लागली, आईबापांना गृहपाठ कळेना, आणि दहाएक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. वरच्या मजल्यावर शोभणारं फर्निचर तळमजल्यावर आणून ठेवलं, की असं होतं.

तळमजल्याची अवस्था आजही बरी नाही. टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत फ्रान्सच्या चौथीच्या मुलांना २०१५ मध्ये ४८८ आणि २०१९ मध्ये ४८५ गुण मिळाले. मध्यबिंदू ५०० असतो, आणि दोन्ही वेळा युरोपीय संघातल्या सहभागी देशांत फ्रान्स तळाला. फील्ड्स पदकवाले व्हिलानी आणि शिक्षणाधिकारी तोरोस्यान यांनी २०१८ मध्ये २१ उपायांचा अहवाल दिला. वस्तू हाताळा, बोलून दाखवा, मग चिन्हं लिहा, ही सिंगापूरची पद्धत त्यात शिफारशीला होती. 'बोलून दाखवा' हे तर कोलमध्ये कधीपासून चाललं होतं, फक्त सहा वर्षांच्या मुलापर्यंत कुणी नेलं नव्हतं. उलट २०१९ च्या सुधारणेत अकरावीपासून गणित ऐच्छिक झालं, ते सोडून देणाऱ्यांत मुली जास्त निघाल्या, आणि २०२३ मध्ये आठवड्याला दीड तास गणित पुन्हा सक्तीचं करावं लागलं. पुन्हा दीडच.

या सगळ्यात मला आवडतो तो १९८९ पासून चाललेला 'मॅथ आँ जीन्स' हा उपक्रम. दोन शाळांची जोडी लावतात, एखादा संशोधक मुलांना ठरलेलं उत्तर नसलेला प्रश्न देतो आणि मुलं वर्षभर त्याच्याशी झुंजतात. निवड चाचणी नाही, यायचं असेल तो येतो. शेवटी संमेलन भरतं. तिथे बारा-तेरा वर्षांची पोरं पोस्टरसमोर उभी राहून सांगतात की इथपर्यंत आम्ही सिद्ध केलं, आणि इथून पुढे नुसता अंदाज आहे. समोर ऐकणारा गणिती विचारतो, "का?"