विलाप करणारा विश्वास

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथल्या मराठी ख्रिस्ती घरात कुणी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले की पुढच्या काही दिवसांत सांत्वन प्रार्थना होते. मंडळीतली माणसे जमतात, गीत होते, पाळकसाहेब वचन वाचतात. पुष्कळदा ते बायबलमधल्या ईयोब या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले असते: ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम.’ मग कुणी वडीलधारे घरच्यांना म्हणते, आता रडू नका, विश्वास ठेवा. त्यामागे मायाच असते. पण दुःखातल्या ख्रिस्ती विश्वासाचा इतिहास पाहिला तर हे ‘रडू नका’ त्यात फारसे भेटत नाही.

खुद्द ईयोबच तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मुले, गुरेढोरे, प्रकृती, सगळे गेलेला हा माणूस पुढे कित्येक अध्याय देवालाच जाब विचारतो. भेटायला आलेले मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात, आणि बोलू लागतात तेव्हा देवाची बाजू घेतात: देव न्यायी आहे, तुझ्याच हातून काही पाप घडले असणार. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला, असे तो त्यांना सुनावतो. बायबलमधला हा निवाडा मला फार मोलाचा वाटतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. इ. स. पूर्व 587च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यावर विलापगीत हे आख्खे पुस्तक त्या शोकातून आले. आपला मित्र लाजर गेल्यावर येशू रडला आणि वधस्तंभावर त्याच्या ओठी आले ते 22वे स्तोत्र: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

ही परंपरा ठाण्यातूनही गेली आहे, आणि ठाणेकर ख्रिस्ती लोकांनाच ती कमी ठाऊक आहे. एप्रिल 1321मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हे संत फ्रान्सिसच्या पंथातले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे मारले गेले. निघाले होते ते केरळातल्या कोल्लमकडे. जहाज ठाण्याला लागले आणि शहरातल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या प्राचीन मंडळीतल्या, ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्यांचा पाचवा सोबती, दोमिनिकन या दुसऱ्या पंथाचा धर्मबंधू जॉर्डन कातालानी, तेव्हा बाहेरगावी होता. परत येऊन त्याने मृतदेह वसईजवळच्या सोपाऱ्याला नेऊन पुरले. चौघांच्या अस्थी पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी चीनपर्यंत घेऊन गेला.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो मागे उरलेला जॉर्डन. दोन-तीन वर्षांनी त्याने ठाण्याहून युरोपातल्या आपल्या बांधवांना पत्र लिहिले. त्यात तो स्वतःला अनाथ म्हणतो, सोबत्यांपासून दूर गेलो त्या घडीला दूषण देतो. तेव्हाच धरणीने गिळले असते तर बरे झाले असते, असेही लिहितो. चाचेगिरी, तुरुंगवास, उपासमार, सगळे सांगतो. आणि त्याच पत्रात आणखी धर्मबंधू पाठवा अशी विनवणीही करतो. काम सोडून जाण्याचा विचार त्याच्या मनात दिसत नाही. 1329मध्ये पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायाचा आवाज आपल्याच खाडीकाठावरून उमटला होता, हे वाचून मी हेलावून गेलो.

1737मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, 1739मध्ये वसई पडली. पोर्तुगीज पाद्री बहुतेक निघून गेले. देशी पाद्री आणि गावकऱ्यांनी उपासना टिकवली. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत मुंबई-साष्टीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या, गावठाणांत ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. माणसे तिथे जमून जपमाळ म्हणत, वाचलेल्यांसाठी आणि गेलेल्यांसाठीही. रस्ता रुंद करताना असा क्रूस हलवायची वेळ येते तेव्हा गावठाणातले लोक इतके अस्वस्थ का होतात, ते या इतिहासावरून कळावे.

मराठी ख्रिस्ती मंडळीत हा धागा सर्वांत ठळक दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात. 1870च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली. 1882मध्ये पती पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1883मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी प्रश्न विचारणे त्यांनी थांबवले नाही, इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशीही त्या परखडपणे वाद घालत. 1896च्या दुष्काळात, स्वतःची भूक आठवत, त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. पुण्याजवळच्या केडगावचे मुक्ती मिशन, हे त्यांचे निराधार बायका-मुलींचे आश्रयस्थान, त्यातूनच वाढले. 1921मध्ये मनोरमाही गेली. आजारी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत राहिल्या, ते पुरे केले आणि एप्रिल 1922मध्ये त्यांनी देह ठेवला.

आपल्या सांत्वन प्रार्थनांत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे 23वे स्तोत्र हमखास असते. 88वे मात्र मी तिथे ऐकलेले नाही. त्याचा शेवट अंधारात होतो, आशेची एक ओळही न येता. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवालाच उद्देशून आहे. ज्या घरात तरुण मूल गेले आहे, तिथे आधी हेच वाचावे असे मला वाटते. 23वे नंतर, महिन्याच्या प्रार्थनेला वाचता येईल.